वकिलीची उमेदवारी आणि अर्जातील प्रश्न

‘उमेदवारी’ हा शब्द हल्ली निवडणुकीच्या धामधुमीतच अधिक ऐकू येतो. परंतु त्याचा जुना अर्थ निराळा आहे. जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून, वेतनाची फारशी अपेक्षा न धरता, धंदा शिकणे म्हणजे उमेदवारी करणे. सराफाच्या पेढीवर उमेदवार असत, वैद्याच्या घरी असत, तसेच ते वकिलाच्या कचेरीतही असत. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी नवशिका तरुण एखाद्या नामांकित वकिलाकडे जाऊन बसे, दावे-कैफियतींच्या नकला उतरून काढी, तारखांची वही ठेवी आणि साक्षीदारांची उलटतपासणी कशी होते ते मागच्या बाकावरून पाही. हा प्रवेश बहुधा ओळखीने होई. वडिलांनी चिठ्ठी द्यावी, वकीलसाहेबांनी ती वाचून मान हलवावी, की काम झाले.

आज त्या चिठ्ठीची जागा बऱ्याच ठिकाणी अर्जाने घेतली आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कायदेपेढ्या विद्यार्थ्याला अर्जातच प्रश्न विचारतात: आपण कायद्याकडे का वळलात? आमचीच पेढी का निवडलीत? आजवर कोणते काम केलेत? एखाद्या अडचणीतून मार्ग कसा काढलात? अलीकडील कोणता कायदेविषयक प्रश्न आपल्याला महत्त्वाचा वाटतो? उत्तरासाठी दोनशे-अडीचशे शब्दांची मर्यादा असते. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची वकिली आहे त्याला हे प्रश्न किरकोळ वाटतील. परंतु ज्याच्या घराण्यातून कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, त्याला हा अर्ज हेच एकमेव दार असते. म्हणून ते दार कसे ठोठवावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्याला कायद्याची परंपरा नवी नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीचा. १८७९ साली ते एल्‌एल्‌. बी. झाले आणि पुढे पुण्यास त्यांनी कायद्याचे वर्ग चालविले. चिपळूण तालुक्यात १८८० साली जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे काही काळ रत्नागिरीस शिक्षक होते. नंतर ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकील झाले, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा ग्रंथ जगन्मान्य ठरला. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्रिपद भूषविणारे बाळासाहेब खेर हेही १८८८ साली रत्नागिरीतच जन्मले. १९१८ साली स्थापन झालेल्या सॉलिसिटरांच्या एका पेढीच्या संस्थापकांपैकी ते होते. त्या काळी मुंबईत सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यास एखाद्या सॉलिसिटरशी करार करून त्याच्या पेढीत ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणून राहावे लागे. १९७६ सालच्या दुरुस्तीने सॉलिसिटर व अ‍ॅडव्होकेट हा जुना कायदेशीर भेद संपला. तरीही बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आणि तिच्यासाठी करावयाची उमेदवारी आजही चालू आहे.

यापेक्षा अधिक व्यापक नियम भारतीय विधिज्ञ परिषदेचा, म्हणजे बार कौन्सिलचा आहे. २००८ सालच्या विधिशिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणे आवश्यक आहे. हल्ली याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात. कोणत्याही वर्षी ती सलग चार आठवड्यांहून अधिक असू नये, आणि खालच्या व वरच्या न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांकडेही विद्यार्थ्याने बसावे, असा त्या नियमांचा दंडक आहे. सनद देण्यापूर्वी एक वर्षाची उमेदवारी सक्तीची करणारे नियम परिषदेने १९९५ साली केले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली रद्द ठरविले. तेव्हापासून शिक्षणकाळातील या थोड्या आठवड्यांचे मोल अधिकच वाढले आहे. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापूर येथे सुरू झाले असून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणजे रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला उच्च न्यायालयाचे काम पाहण्यासाठी मुंबईच गाठावी लागेल असे आता राहिले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्जातील प्रश्नांना उत्तर कसे द्यावे? याचे उत्तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या क्रमिक पुस्तकातच आहे, आणि आश्चर्य असे की तेथे ते कोणी शोधीत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ६० सांगत असे की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. जी गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती ज्याने पाहिली त्यानेच सांगावी. जी ऐकण्यासारखी आहे, ती ज्याने ऐकली त्याने. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. तेथे हेच तत्त्व कलम ५५ मध्ये आहे. अर्जातील उत्तर ही उमेदवाराची साक्ष होय. त्याने स्वतः जे पाहिले, केले, वाचले आणि विचार करून ठरविले, तेवढेच तिच्यात यावे. बाकी सारे ऐकीव. आणि ऐकीव गोष्टीला अनुभवी वकील किती किंमत देतो, हे कोणी सांगावयास नको.

पहिला प्रश्न घ्या: कायद्याकडे का वळलात? या प्रश्नाला शेकडा नव्वद उत्तरे एकाच साच्याची असतात. ‘लहानपणापासून अन्यायाविषयी चीड होती’, ‘समाजाची सेवा करण्याची तळमळ आहे’, ‘न्यायदेवतेचे आकर्षण वाटते’. ही विधाने खोटी असतात असे नव्हे. परंतु ती कोणाचीही असू शकतात, हाच त्यांचा दोष. आता लांजा तालुक्यातील एका विद्यार्थिनीची कल्पना करावी. तिने लिहिले: ‘सामाईक आंबाबागेच्या सातबाऱ्यावर माझ्या आजीचे नाव का नाही, हे शोधण्यासाठी मी वडिलांबरोबर तीन वेळा तालुक्याच्या कचेरीत गेले. तिसऱ्या खेपेस जुना फेरफार मिळाला. वारसांची नोंद करताना फक्त मुलांची नावे लागली होती. एका ओळीच्या नोंदीने एका माणसाचा हक्क चाळीस वर्षे कसा झाकला जातो, हे मला त्या दिवशी कळले.’ या उत्तरात ‘न्याय’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तरीही वाचणाऱ्याच्या ध्यानात तीन गोष्टी येतात: ही मुलगी कागद शोधू शकते, तो वाचू शकते, आणि त्याचा अर्थ माणसाच्या आयुष्याशी जोडू शकते. वकिलाच्या कचेरीत यापेक्षा निराळे काय हवे असते?

कोकणातल्या घरांत असे कागद ट्रंकांतून भरलेले असतात. कुळकायद्याची प्रकरणे, वाटणीपत्रे, मुंबईकर भाऊबंदांनी पाठविलेली मुखत्यारपत्रे, बांधाच्या मोजणीचे नकाशे. ज्या मुलाला वाटते की आपल्यापाशी अर्जात लिहिण्याजोगे काही नाही, त्याने एकदा घरातील कागद वडीलधाऱ्यांच्या संमतीने उघडून पाहावेत. शहरातल्या वकिलाच्या मुलाला जे पुस्तकातून शिकावे लागते, त्याचा पहिला धडा त्याच्या माळ्यावर पडलेला सापडेल.

दुसरा प्रश्न: आमचीच पेढी का? येथे स्तुतिपाठ हा हमखास घडणारा प्रमाद आहे. ‘आपली पेढी देशात अग्रगण्य आहे’ हे त्या पेढीला ठाऊक असते. ते विद्यार्थ्याकडून ऐकण्यासाठी तिने प्रश्न विचारलेला नसतो. या उत्तराची एक सोपी कसोटी आहे. पेढीचे नाव खोडून तेथे दुसऱ्या पेढीचे नाव घालावे. उत्तर तसेच्या तसे जुळत असेल, तर ते फाडून टाकावे. न्यायालयांचे निकाल आज संकेतस्थळांवर सर्वांना मोफत वाचावयास मिळतात, आणि निकालाच्या आरंभी पक्षकारांच्या वकिलांची नावे छापलेली असतात. ज्या पेढीकडे अर्ज करावयाचा, तिने लढविलेल्या एखाद्या प्रकरणाचा निकाल आधी मुळातून वाचावा, आणि त्यातील कोणता मुद्दा आपल्याला विचार करण्याजोगा वाटला ते चार वाक्यांत लिहावे. एक निकाल नीट वाचावयास दोन संध्याकाळी लागतील. परंतु पन्नास पेढ्यांना पाठविलेल्या पन्नास सारख्या अर्जांपेक्षा त्या दोन संध्याकाळी अधिक फलदायी ठरतील.

तिसरा प्रश्न पूर्वानुभवाचा. येथे दोन धोके आहेत. एक अतिशयोक्तीचा. चार आठवडे फायली लावणारा विद्यार्थी ‘महत्त्वाच्या दाव्यांत साहाय्य केले’ असे लिहितो. मुलाखतीत दावा कशाचा होता, वादाचे मुद्दे कोणते निघाले होते, एवढे दोन प्रश्न विचारले की डोलारा कोसळतो. त्यापेक्षा ‘साठ फायलींची तारीखवार यादी केली, दोहोंत वकीलपत्र जोडलेले नव्हते, ते निदर्शनास आणले’ हे लहान वाक्य कितीतरी वजनदार आहे. लहान काम नेमकेपणाने सांगणाऱ्यावर मोठे काम सोपविता येते, हे जुन्या वकिलांना पक्के ठाऊक असते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, आणि त्याची जाणीव फार थोड्यांना असते. आपला अनुभव खरा आहे हे पटविण्याच्या भरात विद्यार्थी आधीच्या वकिलाच्या अशिलाचे नाव, त्याची अडचण, तडजोडीची रक्कमही लिहून मोकळा होतो. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, हा नियम पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होता व आता साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. वकिलाचे कारकून व नोकर यांनाही तो लागू आहे, आणि वकिलाचे काम संपल्यावरही ते बंधन सुटत नाही. चार आठवड्यांसाठी आलेला विद्यार्थी पगारी नोकर नसेल, पण ज्या टेबलापाशी तो बसला त्या टेबलाची मर्यादा त्यालाही आहे. ज्याने एका कचेरीतील गुपित दुसऱ्या कचेरीच्या अर्जात लिहिले, तो दुसऱ्या कचेरीतील गुपित तिसरीकडे लिहील, हे अनुमान काढावयास वाचणाऱ्यास क्षणही लागत नाही. कामाचे स्वरूप सांगावे, माणूस सांगू नये. ‘भाडेकरूविरुद्धच्या एका दाव्यात पावत्यांचा क्रम लावला’ एवढे पुरे.

चौथा प्रश्न अडचणीचा, अपयशाचा किंवा मध्ये पडलेल्या खंडाचा असतो. एखाद्या विषयात नापास झालेला, किंवा घरच्या आजारपणामुळे वर्ष गमावलेला विद्यार्थी येथे गडबडतो आणि गोल गोल लिहितो. त्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचा, म्हणजे १९०८ च्या कायद्याचा, आठवा आदेश आठवावा. प्रतिवादीने कैफियतीत मोघम किंवा टाळाटाळीचा इन्कार करून चालत नाही. प्रत्येक कथनाचा स्पष्ट समाचार घ्यावा लागतो, आणि ज्याचा नीट इन्कार केला नाही ते कबूल केले असे धरता येते. अर्ज वाचणारा वकील याच शिस्तीत मुरलेला असतो. गुणपत्रिकेतील उणीव तो पाहतोच. ‘दुसऱ्या सत्रात एका विषयात अनुत्तीर्ण झालो, पुढील सत्रात त्यात ५८ गुण मिळविले’ असे एका वाक्यात सांगून पुढे जावे. लांबलचक सबब ही उणिवेपेक्षा अधिक डोळ्यांत भरते. खोटे प्रमाणपत्र किंवा फुगविलेले गुण यांचा तर विचारही मनात आणू नये. ज्या धंद्याचे भांडवल विश्वास आहे, त्या धंद्यात खोट्या कागदाने पाऊल टाकणे म्हणजे घराचा पाया वाळवी लागलेल्या लाकडावर घालणे होय.

पाचवा प्रश्न अलीकडील कायद्याविषयी. येथे विद्यार्थी वर्तमानपत्रातील मथळ्यांची माळ ओवतो. त्यापेक्षा एकच प्रश्न घ्यावा आणि त्याने कोणाचे काय बदलले ते सांगावे. उदाहरणार्थ, हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील मुलीचा हक्क. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः हिस्सा मिळाला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत विवाहित-अविवाहित असा भेद राहिला नाही. तरी ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे ती दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी, वडील हयात असावे लागतात काय, हा वाद राहिलाच होता. वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात दिला. या निर्णयाने मुंबईस नांदणाऱ्या बहिणीचा रत्नागिरीच्या बागेतील हिस्सा कसा बदलला, आणि २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्यातून का सुटल्या, हे जो दीडशे शब्दांत सांगेल, त्याला कायदा वाचता येतो याविषयी शंका उरणार नाही. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला तर हा विषय दूर शोधावा लागणारच नाही.

आता एका नव्या मोहाविषयी. आजकाल असे यंत्र घरोघर उपलब्ध आहे की प्रश्न घालताच ते क्षणार्धात सफाईदार इंग्रजी उत्तर लिहून देते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ते वरदान वाटावे यात नवल नाही. शब्द शोधण्यास, व्याकरणाची चूक काढण्यास त्याचा उपयोग करावा. परंतु साक्ष त्याच्याकडून देववू नये. २०२३ साली न्यूयॉर्कमधील न्यायालयात दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे आधार म्हणून सादर केले. न्यायाधीशांनी त्यांना व त्यांच्या पेढीला ५,००० डॉलर दंड ठोठावला. अर्जात दंड होत नाही, इतकाच फरक. तेथे शिक्षा निराळी असते: अर्ज बाजूला पडतो आणि का पडला हे कधीच कळत नाही. शिवाय यंत्राला आजीचा फेरफार माहीत नसतो. त्याच्याकडून उत्तर घेणारा विद्यार्थी आपल्यापाशी असलेली एकमेव अस्सल वस्तू देऊन त्या मोबदल्यात सर्वांना मिळणारी गुळगुळीत वस्तू घेतो. हा सौदा तोट्याचा आहे.

भाषेचे भय मात्र खरे आहे. त्यावर एक अनुभवसिद्ध उपाय असा की उत्तर प्रथम मराठीत, आईला सांगावे तसे, लिहावे. त्यातील कोण, कोठे, केव्हा, काय ही चार अंगे पुरी आहेत का ते पाहावे. मग लहान लहान वाक्यांत त्याचे इंग्रजी करावे. दिवाणी संहितेचा सहावा आदेश सांगतो की वादपत्रात महत्त्वाच्या वस्तुस्थिती थोडक्यात मांडाव्यात. हा नियम इंग्रजी अर्जालाही तंतोतंत लागू पडतो. अवघड शब्दांनी कोणी वकील प्रभावित होत नाही. आयुष्यभर त्याने ते वाचलेले असतात. लिहून झाल्यावर उत्तर मोठ्याने वाचावे, आणि प्रत्येक वाक्याला ‘हे मुलाखतीत विचारले तर पुढे काय सांगशील?’ असा उलट प्रश्न करावा. ज्या वाक्यापुढे काही सांगता येणार नाही, ते काढून टाकावे.

अर्ज करणाऱ्याची बाजू येथवर झाली. अर्ज मागविणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. बऱ्याच ठिकाणी या उमेदवारीला विद्यावेतन नसते, आणि मुंबईत महिनाभर राहण्या-जेवण्याचा खर्च खेड्यातील घराला पेलत नाही. ‘आजवर कोणत्या पेढ्यांत काम केलेत?’ एवढाच प्रश्न विचारणारा अर्ज वस्तुतः ‘आपल्या वडिलांच्या ओळखी किती?’ हेच विचारीत असतो. त्याऐवजी ‘आपण स्वतः सोडविलेली एखादी अडचण सांगा’ असे विचारले, तर आंबाबागेतील मुलगा आणि बंगल्यातील मुलगा एका रांगेत उभे राहतात. प्रश्न विचारण्यातही न्याय असतो, हे न्यायाच्या व्यवसायातील मंडळींना सांगावे लागू नये. विद्यावेतन किती, हे विचारण्यात विद्यार्थ्यानेही संकोच बाळगू नये. सभ्य शब्दांत विचारलेला व्यवहाराचा प्रश्न कोणाला अप्रिय वाटत नाही.

ज्याला बाहेरगावी जाणे शक्यच नाही त्याने निराश होऊ नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असते. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणे आणि लोकअदालती भरविणे ही त्याची कामे. तेथे, किंवा तालुक्याच्या न्यायालयात एखाद्या मेहनती वकिलाकडे काढलेले चार आठवडे पुढच्या अर्जातील उत्तराला पुष्कळ सामग्री देतील. जबानी कशी नोंदविली जाते, तारीख का पडते, हुकूमनामा मिळूनही दरखास्त का करावी लागते, हे शहरातील काचेच्या कचेरीपेक्षा तालुक्याच्या न्यायालयातच लवकर उमगते.

सारांश, अर्जातील प्रश्न ही अडवणूक नसून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येण्याचे निमंत्रण आहे. तेथे विचारले तेवढेच सांगावे, स्वतः जाणतो तेच सांगावे, दुसऱ्याचे गुपित सांगू नये, आणि उणीव लपवू नये. या चार गोष्टी ज्याला विद्यार्थिदशेत साधल्या, त्याने वकिलीचा निम्मा धर्म सनद मिळण्यापूर्वीच आत्मसात केला असे समजावे. एखादा अर्ज नाकारला गेला, तरी तो लिहिताना झालेली उमेदवारी वाया जात नाही.